निर्वासित पित्याचा वारसा

हिवाळ्याची चाहूल लागली, की महाराष्ट्रातील अनेक शहरांत तिबेटी विक्रेत्यांची लोकरी कपड्यांची दुकाने रस्त्याच्या कडेला उभी राहतात. गिऱ्हाईक स्वेटर घेऊन निघून जाते. विकणाऱ्याचे घर कोठे आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. ते घर बहुधा भारतातल्याच एखाद्या निर्वासित वसाहतीत असते. अशी एक वसाहत गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावजवळ १९७२ मध्ये वसली. त्याही आधीची एक मोठी वसाहत म्हैसूर शहराच्या पश्चिमेस सुमारे ८० किलोमीटरवर, बैलकुप्पे येथे आहे. ती उभारणाऱ्या पहिल्या पिढीतील पित्यांचे स्मरण आज त्यांची मुले व नातवंडे करतात.

१९५९ मध्ये ल्हासा येथील उठाव चिरडला गेला. दलाई लामांच्या पाठोपाठ सुमारे ८०,००० तिबेटी हिमालय ओलांडून भारतात आले. त्यांपैकी अनेकांना डोंगरी रस्त्यांच्या बांधकामावर मजुरी मिळाली; पण उष्मा आणि रोगराई यांमुळे माणसे दगावू लागली. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या आवाहनास तत्कालीन म्हैसूर राज्याने प्रतिसाद दिला आणि पिरियापट्टण तालुक्यातील सुमारे ३,००० एकर जमीन भाडेपट्ट्याने दिली. १९६० च्या अखेरीस पहिली तुकडी तेथे पोहोचली.

जमीन मिळाली, परंतु ती जंगलाने व्यापलेली होती. थंड पठारावर याक पाळणाऱ्या आणि जव पिकवणाऱ्या या माणसांनी दक्षिणेच्या उन्हात झाडे तोडली व बांबूच्या झोपड्या बांधल्या. रात्री हत्ती येऊन पीक तुडवीत. तरीही स्त्री-पुरुषांनी मिळून मक्याची शेती उभी केली. पुढे सहकारी संस्था निघाली. १९६८ मध्ये तिबेटी निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी 'मायराडा' ही संस्था स्थापन झाली.

या कष्टांना श्रद्धेचा आधार होता. ल्हासाजवळ १४१९ मध्ये स्थापन झालेल्या सेरा मठाचे भिक्षू पुढे बैलकुप्प्यास आले, तेव्हा त्यांनाही हाती कुदळ घ्यावी लागली. १९६३ मध्ये पेनोर रिनपोचे यांनी नामद्रोलिंग मठाची पायाभरणी केली. त्याच्या बांधकामात त्यांनी स्वतः अंगमेहनत केली. सामान्य कुटुंबातील पिताही दिवसभर शेतात राबे आणि सायंकाळी जपमाळ घेऊन बसे. आपण लवकरच मायदेशी परतू, ही आशा त्याच्या प्रार्थनेत असे.

परतण्याची वाट पाहत असतानाही त्याने मुलांचे शिक्षण लांबणीवर टाकले नाही. तिबेटी मुलांसाठी भारत सरकारने १९६१ मध्ये स्वतंत्र शाळा-प्रशासन स्थापन केले होते. शेतीचे उत्पन्न अपुरे पडू लागले, तेव्हा कित्येक आईबाप हिवाळ्यात दूरच्या शहरांत स्वेटर विकण्यास जाऊ लागले. मुले तेवढे महिने आजी-आजोबांपाशी राहत. ज्यांच्यासाठी कष्ट करायचे, त्यांच्यापासूनच दूर राहायचे, ही त्या पित्याची व्यथा होती.

मुलांपुढचा प्रश्न निराळा होता. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती कायद्याने जन्मतः भारतीय नागरिक ठरते. तिबेटी मुलांनाही हे लागू आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मान्य केले. नागरिकत्व घेतले, तर परतण्याचा हक्क आपणच सोडल्यासारखे होईल, असे काहींना वाटे. स्थैर्यासाठी ते घ्यावे, असे इतरांचे मत होते. एकाच घरात ही दोन्ही मते नांदत. पुढे अनेक तरुण परदेशी गेले आणि काही शेते कसण्यासाठी दुसऱ्यांच्या हाती गेली.

मग त्या पित्याने मागे काय ठेवले? तिबेटातील घर तो देऊ शकला नाही आणि बैलकुप्प्याची जमीनही त्याच्या मालकीची नव्हती. भाषा, प्रार्थना आणि शिक्षण हाच त्याचा वारसा ठरला. जी भूमी एक दिवस सोडून जायची, असे तो मानीत होता, तिच्यातही त्याने दरवर्षी मनापासून पेरणी केली.

स्वाध्याय

१. बैलकुप्पे येथे आलेल्या निर्वासितांना कोणत्या अडचणींना तोंड द्यावे लागले?
२. नागरिकत्वाविषयी एकाच घरात दोन मते का होती?
३. पाठातील शेवटच्या वाक्याचा आशय स्वतःच्या शब्दांत लिहा.