शाकाहारी प्रवाशाने जपानी स्वयंपाक शिकावा काय?

प्रश्न : येत्या चैत्रात मुलाकडे जपानला जाण्याचा बेत आहे. क्योतोत पारंपरिक स्वयंपाकाचा एक दिवसाचा वर्ग करावासा वाटतो. मी शुद्ध शाकाहारी; मासळी टाळून भाज्या व मिसोचे सूप शिकले, तर भागेल ना?
– एक वाचक भगिनी, मूल (जि. चंद्रपूर)

उत्तर : आपला बेत स्तुत्य आहे, तो सोडू नये, मात्र ताटात मासा दिसला नाही म्हणजे पदार्थ निरामिष झाला, हा समज तेथे लागू पडत नाही, कारण मिसोचे सूपच काय, साधे वांगेसुद्धा बहुधा ‘दाशी’ नामक साराच्या पाण्यात शिजते, आणि त्यास चव येते ती धुरावून सुकवलेल्या बोनितो माशाच्या कागदासारख्या पातळ कापांनी. यास्तव जागा राखून ठेवतानाच, ‘कोंबू’ हे समुद्रशेवाळ व सुकी शिताके अळंबी यांच्या दाशीची तजवीज होईल काय, याचा लेखी खुलासा मागवावा. त्याहून उत्तम म्हणजे झेन मठांतील ‘शोजिन र्‍योरी’ या पाकपद्धतीचा वर्ग, तीत मांसमासळी नाहीच, कांदा-लसूणही वर्ज्य. ‘मिरिन’ या स्वयंपाकातील गोडसर द्रवात मद्यांश असतो, तो चालत नसल्यास आगाऊ कळवावे.

बांबूचे कोवळे कोंब मात्र अवश्य शिकावेत. आपल्याकडे हे कोंब, म्हणजे वास्ते, पावसाळ्यात निघतात, तेथे वसंतात. ते सालीसकट, तांदळाचा कोंडा घालून, दीर्घकाळ उकळतात व त्याच पाण्यात निवू देतात, म्हणजे कडसरपणा जातो. आपल्या धानपट्ट्यात कोंड्याची वाण नाही. परतल्यावर ही कृती प्रथम करून पाहावी.