वास कधी येतो, ते आधी पाहा

जुन्या गाडीला पेट्रोलचा थोडाफार वास यायचाच, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. जुन्नर-आंबेगावच्या घाटवाटांवर जुनी ओम्नी फिरवून आणि तिच्यात मुक्काम करून मी ठामपणे सांगतो की हे खरं नाही. वास आला म्हणजे पेट्रोल किंवा त्याची वाफ कुठून तरी बाहेर पडते आहे. ती वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते, म्हणून गाडीच्या तळाशी साचते. ज्या गाडीत आपण झोपतो, तिथे अंथरूणही तळाशीच असतं.

मारुतीची ही व्हॅन १९८४ साली आली आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तिचं ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे तिथला वास थेट आत येतो. आमची गाडी कार्बोरेटरवाली. ओतूरहून माळशेजकडे जाताना पहिल्यांदा वास आला, तेव्हा सगळ्यांचा संशय साहजिकच कार्बोरेटरवर गेला. एका गॅरेजमध्ये तो साफ करून घेतला. काही दिवस बरे गेले आणि वास परत आला. तेव्हा बायकोने नेमकं हेरलं, ‘‘अहो, टाकी फुल केली की मगच येतो हा.’’ मग आम्ही वहीत नोंद ठेवू लागलो. मंचरला टाकी भरून घोडेगाव, डिंभे करत भीमाशंकरच्या वळणांना लागलो की वास यायचा. टाकी अर्धी असली की त्याच रस्त्यावर काही नसायचं. म्हणजे गळती वरच्या बाजूला होती. टाकी उतरवल्यावर दिसलं, की झाकणाकडून टाकीत येणाऱ्या जाड रबरी पाइपाला वरून भेगा पडल्या होत्या. खालून बघून त्या कधीच दिसल्या नसत्या. टाकीच्या माथ्यावर कित्येक पावसाळ्यांचा चिखल बसला होता आणि त्याखाली पत्र्याला गंज धरला होता.

म्हणून पाना हातात घेण्याआधी वासाची वेळ नोंदवा. टाकी भरल्यावर, चढावर किंवा वळणावर वास आला, तर झाकणाचं रबर, भरायचा पाइप, हवेचा बारीक ब्रीदर पाइप आणि टाकीवरच्या गेजचं गॅसकेट तपासा. इंजिन चालू असतानाच येत असेल, तर पंप, त्यापुढचे पाइप आणि कार्बोरेटर पाहा. फ्लोटची सुई अडकली की कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो. पंपाचा डायफ्राम फाटला असेल, तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची काडी काढून हुंगा आणि पातळी वाढली आहे का तेही बघा. गरम गाडी बंद केल्यावर थोडा वेळ वास येत असेल, तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल तापून उकळत असण्याची शक्यता मोठी. टाकी कमी भरलेली असून रात्रभर उभ्या गाडीलाही वास असेल, तर टाकीचा तळ, जोड आणि पट्ट्यांखालचा गंज तपासायलाच हवा. मागचं दार नीट बसत नसेल, तर चालत्या गाडीत सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. तो वेगळा दोष आहे आणि तोही जीवघेणा आहे.

तपासणी थंड गाडीवर, मोकळ्या हवेत करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. बिडी, उदबत्ती, स्टोव्ह आसपास नको. जोड पुसून कोरडे करा आणि त्यावर खडूची भुकटी लावा. ओल आली की भुकटी भिजून जागा दाखवते. पेट्रोल उडून जातं, पण धुळीत धुतल्यासारखा ओघळ किंवा तपकिरी डाग मागे ठेवतं.

उन्हाळ्यात टाकी काठोकाठ भरू नका. ३० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापलं, तर अर्ध्या लिटरहून जास्त फुगतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच भागातल्या उसापासूनही ते बनतं, याचं समाधान आहेच. पण जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, गॅसकेट त्यासाठी बनवलेले नव्हते. इथेनॉल पाणीही ओढून घेतं आणि गंजाला हातभार लावतं. त्यामुळे जुने पाइप नुसते क्लिपा आवळून चालवू नका. इथेनॉल चालेल असे पाइप मागून घ्या आणि सगळे एकदम बदला.

बारीक भोकावर चोळलेला साबण किंवा एम-सील गावापर्यंत पोचवेल. तो कायमचा इलाज नव्हे. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढू नका. आणि रिकामी टाकी तशीच वेल्डिंगला मुळीच देऊ नका. पेट्रोल ओतून टाकलं तरी वाफ आत राहते आणि हवेत जेमतेम दीड टक्का वाफ असली तरी ठिणगी पुरते. टाकी दुरुस्त करणाऱ्याने ती आधी वाफेने धुऊन घेतली पाहिजे. पत्रा चाळणीसारखा झाला असेल, तर टाकीच बदला.

घाटात अचानक उग्र वास आला, तर गाडी कडेला घेऊन बंद करा, सगळ्यांना उतरवून वाऱ्याच्या वरच्या बाजूला न्या आणि पुन्हा स्टार्टर मारून पाहू नका. आग लागली तर पाणी ओतू नका. ड्राय पावडरचा सिलिंडर ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा, सामानाखाली नको. आग आवाक्याबाहेर वाटली, तर लांब होऊन ११२ ला फोन लावा.

पश्चिमेकडच्या आहुपे, नाणेघाट पट्ट्यात ज्यांची गाडी पावसात उभी राहते, त्यांनी पावसाळा संपला की टाकीच्या माथ्यावरचा चिखल धुऊन काढावा आणि पाइप हाताने वाकवून भेगा पाहाव्यात. आणि वासाचं मूळ सापडेपर्यंत कोणीही त्या गाडीत झोपू नये, मुलांना तर मुळीच झोपवू नये. डोकं जड झालं, मळमळलं, तर ते थकव्यावर ढकलू नका. आधी गाडीबाहेर या.