शास्त्रलेख आमच्यापर्यंत कसा पोहोचला?

वाचावयाचा भाग : यिर्मया, अध्याय 36

"तुमचे शास्त्र मूळचे राहिलेलेच नाही, ते वेळोवेळी बदलण्यात आले आहे," असे बाजारात किंवा लग्नाच्या मांडवात कोणी म्हटले, म्हणजे आमचे पुष्कळ उपदेशक बंधू तत्काळ उत्तर देतात की, "त्यात एका कानामात्रेचाही फरक झालेला नाही." हे उत्तर भक्तिभावाने दिलेले असते, हे आम्ही जाणतो. परंतु ते खरे नाही. आणि सत्य प्रभूची बाजू असत्याने राखता येत नाही. पुढे मंडळीतील एखादा तरुण शिकून शास्त्राच्या तळटिपा वाचू लागतो, तेव्हा ते उत्तर चुकीचे होते असे त्यास कळते. मग त्याचा उपदेशकावरील भरवसा उडतो, आणि पुष्कळदा त्याबरोबर शास्त्रावरीलही उडतो. यास्तव खरी हकीकत काय आहे, ती आपण या पाठात पाहू.

यिर्मयाच्या तोंडची वचने बारूखाने पटावर लिहिली. तो पट यहोयाकीम राजापुढे वाचण्यात आला, तेव्हा थोडा थोडा भाग वाचून होताच राजाने तो चाकूने कापून शेगडीत टाकला. शेवटी सर्व पट जळाला. पुढे काय झाले? आकाशातून दुसरा पट पडला नाही. बारूख पुन्हा शाई घेऊन बसला आणि तीच वचने त्याने दुसऱ्या पटावर लिहिली. शिवाय तशीच आणखी पुष्कळ वचने त्यात घातली. यावरून दिसते की, देवाने आपले वचन राखले ते माणसाच्या हातून राखले. आणि माणसाचा हात थकतो व चुकतो.

लूकाने अथवा पौलाने लिहिलेली किंवा लिहविलेली मूळ प्रत आज पृथ्वीवर एकही नाही. नाईल नदीकाठच्या लव्हाळ्यापासून केलेला पपायरस नावाचा कागद, किंवा जनावरांचे कमावलेले कातडे, यांवर ती लिहिली जात; वापराने ती झिजली. ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध झाला तो 1516 साली. तोपर्यंत सुमारे चौदाशे वर्षे प्रत्येक प्रत हातानेच उतरवावी लागे.

अशा कामात काय होते, हे एका दाखल्याने समजेल. समजा, एका पाळकाने दहा गावच्या मंडळ्यांस एक पत्र लिहिले. प्रत्येक गावाने त्याची नक्कल करून घेतली आणि मूळ पत्र वाळवीने खाल्ले. एका नकलेत बुधवारच्या जागी गुरुवार पडला. दुसरीत दोन ओळींचा शेवट सारखा असल्यामुळे मधली ओळ गळाली. तिसरीत नुसते "येशू" असताना लिहिणाऱ्याने भक्तीने "प्रभू येशू ख्रिस्त" असे केले. आता दहाही नकला एके ठिकाणी मांडल्या, तर कोणती चूक कोठे शिरली हे बहुधा ओळखता येईल. मात्र नुसती मोजदाद पुरे होणार नाही. कारण सात गावांनी एकाच चुकलेल्या नकलेवरून उतरवून घेतले असेल, तर त्या सातांची साक्ष एकाचीच होय. यासाठी नक्कल किती जुनी व कोणत्या घराण्याची, हेही पाहावे लागते.

नव्या कराराची स्थिती अशीच आहे. त्याची पूर्ण किंवा अपूर्ण अशी ग्रीक हस्तलिखिते पाच हजारांहून अधिक उपलब्ध आहेत. त्यांतील सर्व लहानमोठे पाठभेद मोजले, तर ते लक्षावधी भरतात. त्यांतील फार मोठा भाग शुद्धलेखनाचा, शब्दांच्या क्रमाचा किंवा उघड हस्तदोषाचा आहे. प्रती पुष्कळ म्हणून भेद पुष्कळ. आणि प्रती पुष्कळ म्हणूनच ते भेद आपणांस दिसतात व तपासता येतात.

कोणी म्हणेल, "एखाद्या राजाने किंवा धर्माधिकाऱ्याने सर्व शास्त्र एकदम बदलले नसेल कशावरून?" यास इतिहासच उत्तर देतो. इसवी सन 303 मध्ये रोमी बादशहा डायोक्लेशियन याने ख्रिस्ती लोकांची शास्त्रे जाळून टाकण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी मे महिन्यात उत्तर आफ्रिकेतील सिर्ता नगरात, ज्यास आता कॉन्स्टंटाइन म्हणतात, अधिकारी मंडळीच्या घरात शिरले. तेथे त्यांच्या हाती एकच मोठा ग्रंथ लागला. इतर ग्रंथ वाचकांच्या, म्हणजे उपासनेत शास्त्र वाचून दाखविणाऱ्या सेवकांच्या घरी होते. मग अधिकारी घरोघर फिरले. कोणी चार, कोणी पाच, कोणी आठ ग्रंथ काढून दिले; एका वाचकाच्या पत्नीने सहा दिले. ते भ्याले, आपण त्यांच्या जागी असतो तर काय केले असते, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे. परंतु सिर्तातील ग्रंथ गेले तरी मिसर, सूरिया, रोम येथील घरोघरी ठेवलेले राहिले. बादशहाच्या फौजफाट्यास ज्या प्रती गोळा करून जाळता आल्या नाहीत, त्या सर्व गोळा करून गुपचूप बदलणे कोणास साधले असते? शास्त्राचे रक्षण एका पेटीत झाले नाही. ते विखुरलेले होते म्हणून राहिले.

जुन्या प्रतींची साक्षही ऐकावी. चौथ्या शतकातील दोन मोठे ग्रीक ग्रंथ आजही आहेत : एक रोम येथे व्हॅटिकनमध्ये, दुसरा सीनाय पर्वताजवळील मठात सापडलेला, ज्याचा मोठा भाग लंडन येथे आहे. मँचेस्टर येथे योहानाच्या 18 व्या अध्यायाचा तळहाताहून लहान तुकडा आहे. अक्षराच्या वळणावरून तो बहुधा दुसऱ्या शतकातील मानतात. मात्र अगदी पहिल्या काही दशकांच्या प्रती हाती नाहीत, हे कबूल केले पाहिजे.

जुन्या कराराविषयी मोठी साक्ष 1947 च्या सुमारास मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडली. पूर्ण इब्री जुन्या कराराची साल नमूद असलेली सर्वांत जुनी प्रत इसवी सन 1008 ची आहे. परंतु गुहेतील यशयाचा सुमारे 24 फूट लांबीचा पट ख्रिस्तापूर्वी शंभराहून अधिक वर्षे लिहिलेला आहे. मध्ये हजार वर्षांहून अधिक काळ लोटला. दोहोंत शब्दांचे व लेखनाचे भेद पुष्कळ आहेत, तरी तोच संदेष्टा तेच बोलतो. उलट, यिर्मयाच्या ग्रंथाचे काही तुकडे तेथे असे मिळाले की ते आपल्या इब्री ग्रंथाहून आखूड असलेल्या जुन्या ग्रीक भाषांतराशी जुळतात. म्हणजे त्या ग्रंथाची दोन रूपे त्या काळी वापरात होती. ज्याने 36 व्या अध्यायाचा शेवट नीट वाचला आहे, तो याने घाबरणार नाही.

आता दोन उतारे उघड सांगतो. मार्काच्या शेवटच्या अध्यायातील 9 ते 20 या ओव्या वरील दोन्ही मोठ्या ग्रंथांत नाहीत. तसेच व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची कथा, जी योहानाच्या 8 व्या अध्यायाच्या आरंभी आहे, तीही त्यांत नाही. म्हणून कित्येक छापील शास्त्रांत हे भाग कंसात किंवा टीप देऊन छापतात. ते कोणी चोरून घातले नाहीत आणि कोणी लपविलेही नाहीत. रिकाम्या कबरेची साक्ष मार्कात त्या ओव्यांपूर्वीच आहे. आणि ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाविषयी पौल करिंथकरांस स्वतंत्रपणे लिहितो.

आणखी एक गैरसमज दूर करावा. आजीच्या शास्त्रातील शब्द नव्या शास्त्रात नाहीत, म्हणून शास्त्र बदलले असे काहींस वाटते. श्रीरामपूर येथे केरी साहेबांचा मराठी नवा करार 1811 साली मोडी लिपीत छापला गेला; पंडिता रमाबाईंचे संपूर्ण शास्त्राचे भाषांतर 1924 साली निघाले. भाषा बदलते, म्हणून भाषांतर बदलते. त्याने मूळ इब्री व ग्रीक लेख बदलत नाही.

इतके सांगून आम्ही मर्यादाही सांगतो. नक्कल विश्वासू आहे एवढ्यावरून वचन देवाचे आहे असे सिद्ध होत नाही. नक्कल तपासण्याचे काम विद्वानांचे. वचन पाळून त्याची सत्यता दाखविण्याचे काम तुमचे व आमचे.

तेव्हा, बंधूंनो, पुन्हा कोणी विचारील तर न रागावता सांगा : "होय, लिहिणाऱ्यांच्या हातून चुका झाल्या. त्या आम्ही लपवीत नाही. ज्या प्रतींवरून त्या कळतात, त्याच प्रती आमच्या साक्षी आहेत. या, बसा, आपण मिळून वाचू."

वर्गासाठी प्रश्न :
1. जळालेल्या पटाच्या जागी दुसरा पट कसा तयार झाला?
2. सिर्ता येथील ग्रंथ घरोघरी का ठेवलेले होते असे तुम्हांस वाटते?
3. भाषांतर बदलणे आणि मूळ लेख बदलणे यांत भेद काय?