पानातली साखर कांडीत कशी उतरते?



साखर कारखान्यात तयार होते, असे आपण सहज बोलून जातो. खरे म्हणजे ती तुमच्या फडातच तयार होते. कारखाना ती फक्त बाहेर काढतो. ऊन, हवेतील कार्बन वायू आणि मुळांनी ओढलेले पाणी यांपासून हिरवे पान साखर बनवते. पण गाळप पानाचे होत नाही, कांडीचे होते. मग ही साखर कांडीत पोचते कशी?

ऊस खाताना चोथ्यात जे दोरे निघतात, त्यांतच हा मार्ग असतो. प्रत्येक दोऱ्यात दोन प्रकारच्या नळ्या. जलवाहिनी मुळांकडून पाणी व क्षार वर नेते. रसवाहिनी पानातला गोड रस खाली कांडीकडे, मुळांकडे आणि वर शेंड्याकडेही नेते.

हा रस वाहतो कशाने, याचा उलगडा 1930 साली अर्न्स्ट म्युंख या जर्मन शास्त्रज्ञाने मांडला. पानाजवळ रसवाहिनीत साखर भरली, की शेजारच्या जलवाहिनीतले पाणी तिच्यात ओढले जाते. मनुका पाण्यात टाकल्यावर फुगते ना, तसेच. त्यामुळे तिथे दाब वाढतो. कांडीत साखर उतरवून घेतली जाते, तिथे दाब कमी. मग पाटाचे पाणी उताराने जावे तसा रस जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो. वेग तासाला साधारण मीटरभर, आणि हे काम रात्रीही चालू असते. साखर नळीत भरण्याच्या कामी पालाश लागते. आपल्याकडे युरियाची गोणी न चुकता घरी येते, पालाशची मात्र दुकानातच राहते!

हा दाब आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे. 2002 साली सांगली भागात लोकरी मावा आला. त्याची सोंड थेट रसवाहिनीत शिरते. दाबाने आलेला रस त्याला सगळा पचत नाही. उरलेला चिकट्याच्या रूपाने खालच्या पानांवर पडतो. पाने काळी पडत ती त्याच चिकट्यावर वाढलेल्या बुरशीने. कांडीत जाणारी साखर किडा खात होता. पुढे डिफा व मायक्रोमस या मित्रकिडींनी त्याला आवरले.

आता आपल्या हातातले. दुभत्या जनावरांसाठी उभ्या उसाची हिरवी पाने ओरबाडण्याची सवय वाळव्यापासून कऱ्हाडपर्यंत आहे. वैरणीची अडचण मला कळते, पण प्रत्येक हिरवे पान कांडी भरत असते. काढायचे तर वाळलेले पाचट काढा. वैरणीला तोडीच्या वेळी वाढे मिळतेच. मोठ्या बांधणीनंतर उशिरा नत्र देऊ नका. त्याने नवे कोंब फुटतात आणि तयार उसाची साखर त्यांच्या वाढीला जाते.

2019 च्या महापुरात कृष्णाकाठी हेच झाले. शेंडा गाळाने कुजला, डोळे फुटून पांगशा आल्या, आणि कांडीत साठलेली साखर उलटी त्या पांगशांना जाऊ लागली. असा ऊस जितका थांबवावा तितका हलका होतो. त्याची तोड आधी मागावी.

ऊस बुडख्याकडून वर पिकत जातो, म्हणून तोड जमिनीलगत घ्या. पक्वता पाहताना ब्रिक्स बुडख्याचा आणि शेंड्याकडचा, दोन्ही तपासा. दोन्ही आकडे जवळजवळ आले की ऊस तयार. फरक मोठा असेल तर रस अजून उतरायचा आहे. तोडीसाठी घाई करू नका.