घरी बांधलेल्या विमानाच्या धडातील फेरफार

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी 1959 साली सुरू झाली. तेथे लाटला जाणारा लोहमार्गाचा जड रूळ दर मीटरला सुमारे 60 किलोग्रॅम भरतो. दोन आसनांच्या छोट्या विमानाच्या धडाचा नळ्यांचा सांगाडा संपूर्ण तोलला, तरी बहुधा याहून अधिक भरत नाही. एवढ्याशा धातूने इंजिन, माणसे, पंख आणि शेपटी यांना एकत्र धरून ठेवावयाचे असते. म्हणून अशा धडात केलेला किरकोळ दिसणारा बदलही किरकोळ नसतो.

धड दोन रीतींनी बांधतात. एका रीतीत पोलादी नळ्या त्रिकोणात्रिकोणांनी जोडून वर कापड ताणतात. येथे सर्व भार नळ्या वाहतात. दुसऱ्या रीतीत पातळ पत्र्याचे कवचच भाराचा मोठा वाटा उचलते. पहिल्या प्रकारात कापडाला खिडकी पाडली तरी बळ घटत नाही. मात्र दार रुंद करण्यासाठी एखादी तिरकस नळी काढली, की त्रिकोणाचा चौकोन होतो आणि चौकोन कलंडतो. दुसऱ्या प्रकारात छिद्रच धोक्याचे. पुठ्ठ्याची गोल नळी दोन्ही हातांनी पिळून पाहावी. ती दाद देत नाही. तीच लांबीच्या दिशेने एका रेषेत चिरून पुन्हा पिळावी, म्हणजे ती सहज पिळली जाते. शेपटीवरचे सुकाणू वळवले की धडाला असाच पीळ बसतो. याकरिता नव्या दाराभोवती भक्कम चौकट बसवून भाराला दुसरी वाट करून द्यावी लागते.

दुसरा प्रश्न गुरुत्वमध्याचा. समजा, 500 किलोग्रॅम वजनाच्या विमानात गुरुत्वमध्याच्या 4 मीटर मागे, शेपटीपाशी, मजबुतीसाठी 3 किलोग्रॅमचा पत्रा जडवला. 3 गुणिले 4 म्हणजे 12. त्याला 503 ने भागले असता गुरुत्वमध्य सुमारे 2.4 सेंटिमीटर मागे सरकला असे दिसेल. अशा विमानात तो मागेपुढे होण्याची एकूण मुभा पुष्कळदा 15 ते 20 सेंटिमीटरांचीच असते. तोल पूर्ववत करण्यासाठी 2 मीटर पुढे, नाकाकडे, 6 किलोग्रॅम शिसे ठेवावे लागेल. म्हणजे 3 किलोग्रॅमच्या दुरुस्तीपायी विमान 9 किलोग्रॅमने जड झाले! गुरुत्वमध्य मर्यादेबाहेर मागे गेल्यास विमान गिरक्या घेऊ लागल्यावर वैमानिकाला सावरता येईलच असे नाही. म्हणून फेरफारानंतर तिन्ही चाकांखाली काटे ठेवून विमान नव्याने तोलतात.

परंतु सगळे धोके वजनकाट्यावर दिसत नाहीत. 12 ऑक्टोबर 1997 रोजी अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर हे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ अपघातात मृत्यू पावले. त्यांचे लाँग-ईझी जातीचे विमान दुसऱ्या एका गृहस्थाने बांधले होते. मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलण्याची मूठ वैमानिकाच्या पायांमध्ये होती. इंधनाच्या नळ्या बैठकीच्या जागेत नकोत म्हणून बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्यामागील आडभिंतीवर नेली. हेतू वाईट नव्हता. किंबहुना सावधगिरीचाच होता. पण मूठ फिरवण्यासाठी उजवा हात दांड्यावरून काढून अंग मागे वळवावे लागे, आणि तसे करताना उजवा पाय सुकाणूवर दाबला जाई. ही मूठ फिरवताना विमानावरचा ताबा सुटला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचे. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागातील इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधले. 2016 च्या फेब्रुवारीत ते वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात मांडावयाचे होते. तेव्हा भाग सुटे करून यारीने खाली उतरवावे लागले. सुटे करून पुन्हा जोडलेला प्रत्येक सांधा नव्या सांध्याइतकाच तपासावा लागतो. विमानाची नोंदणी 2017 साली झाली, उड्डाणाचा परवाना 2019 साली मिळाला, आणि 2020 साली धुळ्याच्या धावपट्टीवर उड्डाणचाचण्या झाल्या.