बाबा दवाखान्यात यायला तयार नाहीत

प्रश्न : कपाशी बुडाल्यापासून बाबा झोपत नाहीत, बोलत नाहीत. 'मी काय पागल आहे का?' म्हणतात. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, दर्यापूर

उत्तर : आज संध्याकाळीच जवळ बसून सरळ विचारा, 'बाबा, मरणाचे विचार येतात का?' विचारल्याने ते विचार वाढत नाहीत, उलट माणूस मोकळा होतो. 'हो' म्हणाले तर फवारणीचं औषध घरातून हलवा, त्यांना एकटं सोडू नका, लगेच दवाखाना गाठा. एरवी आधी तुम्हीच १४४१६ला, 'टेली-मानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन करा. मोफत, चोवीस तास, मराठीतही. मग अमरावतीचं इर्विन किंवा अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय. 'झोपेसाठी दाखवू' म्हणा. ते खरंच आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, मधेच बंद करू नका. गावात कळेल ही भीती असेल तर सांगा, २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार गोपनीय राहतात.