मैत्रिणीला सुतक नसतं



मागच्या महिन्यात काटोलकडच्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. हजेरी घेताना सचिवताईंनी सवयीनं एक नाव वाचलं आणि त्या गप्पच झाल्या. ती ताई पंधरा-वीस दिवसांआधी निंदण करताना वीज पडून गेली होती.

तिच्याजवळ नेहमी बसणारी ताई नंतर मला म्हणाली, "मॅडम, तिच्या घरी तेरवी झाली, सारे रडले. मी तिसऱ्याच दिवशी निंदाले गेली. मले कोन सुटी देते? मी का तिची बहीण हाये?" मग हळूच म्हणाली, "देवापुढं दिवा लावावाच वाटत नाही आता."

मला काही बोलता आलं नाही. पदवीला शिकलेलं सगळं त्या वेळी विसरले. घरी येताना मात्र संत चोखामेळा आठवले.

चोखोबा आपल्या विदर्भातले. बुलढाणा जिल्ह्यातलं मेहुणा राजा हे त्यांचं जन्मगाव मानतात. नामदेव शिंपी, चोखोबा महार. नामदेवांच्या विठ्ठलाच्या देवळात चोखोबांना पाऊल ठेवता येत नव्हतं. (हा राग मनात ठेवूनच पुढचं वाचा. बाबासाहेबांनी १९४८ सालचं अस्पृश्यांवरचं पुस्तक ज्या तिघांच्या स्मृतीला अर्पण केलं, त्यात चोखामेळा आहेत.) १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली. मजुरांसोबत चोखोबाही गाडले गेले. ना निरोप, ना शेवटचं बोलणं.

वारकरी सांगतात, खबर कळल्यावर नामदेव तिथे गेले. ढिगाऱ्यात कितीतरी जणांची हाडं. त्यांनी एकेक हाड कानाशी धरलं. ज्यातून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं ते चोखोबांचं. ती हाडं त्यांनी पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. वारीला गेलेल्या ताईंनी ती पाहिली असेल.

चमत्कार खरा मानायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला वेगळंच दिसतं. नामदेव ना भाऊ, ना सोयरे, ना जातीचे. तरी हाडं वेचायला तेच गेले. आणि श्रद्धा होती म्हणून ते रडले नाहीत असंही नाही. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली, त्यावरचे नामदेवांचे अभंग वाचा, नुसता शोक आहे. म्हणून दिवा लावावा वाटत नसेल तर काही दिवस नका लावू. देव रुसत नाही, असं मला तरी वाटतं. आपल्या गटांत दीक्षाभूमीला जाणाऱ्या ताई आहेत, ताजबागला जाणाऱ्याही आहेत. त्यांनी आपापल्या परीनं आठवण ठेवावी. पण झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ वर फोन करा. ही टेली-मानसची सरकारी मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं.

त्या ताईनं नंतर काय केलं ते सांगते. मैत्रिणीच्या मुलीला घेऊन ती बँकेत गेली. पासबुकात ४३६ रुपये कापलेले (जीवनज्योती विमा) आणि २० रुपये कापलेले (सुरक्षा विमा). मृत्यू अपघाती असल्यानं दोन्हींचे २-२ लाख वारसाला मागता येतात. तहसीलमध्ये वीज पडल्याच्या मदतीचा अर्ज केला. पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल जोडला. गटातली बचतही वारसाच्या नावे काढायला लावली. घरच्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. कोणत्या डब्यात पासबुक आहे, हे तिलाच ठाऊक होतं.

पुढच्या बैठकीत मुलगी आईच्या जागी बसणार आहे.